हुलग्याची वाट

सोलापूर, २२ जानेवारी २०२५

इंद्रू,

तुझं पत्र आणि तिळगुळाची पुडी पोचली. पोस्टात तिळगुळाचा भुगा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला आणि गोड बोलायचं ठरवलं. पत्राच्या पहिल्या पानापुरतं तरी जमावं.

आधी आनंदाची बातमी. आमच्या सृष्टीचं जमलं. नातजावई अक्कलकोटचा, नोकरीला पुण्यात. साखरपुडा २ मार्चला, रविवारी, घरच्या घरी. मुलाची आई दानम्माबाई मानापानाची फार आहे असं कानावर आलंय. माझ्या लेकाने, शिवानंदने, तेवढ्यासाठी घर उपसून काढलं. पुढच्या खोलीतली शहाबादी गेली आणि पांढऱ्या चकचकीत टाइल्स आल्या, तोंड दिसतं त्यांच्यात. मागचं दार बुजवून तिथे बाथरूम केलं. स्वयंपाकघरात तेवढी जुनी शहाबादी राहिली, कारण फरशीवाला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेला तो परत आलाच नाही.

आता दुसरी बातमी. आमचा कुत्रा हुलग्या तुला आठवत असेल, हुलग्याच्या रंगाचा, उजवा कान पडलेला. तेरा वर्षांपूर्वी ह्यांनी चादरीच्या कारखान्यातून येताना शर्टात घालून आणला होता. हे त्याच्याशी कानडीतच बोलायचे. 'होरग नडी' म्हटलं की गडी बाहेर. माझ्या शुद्ध मराठीला त्याने कधीच किंमत दिली नाही. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी मलाही त्याच्याशी कानडीतच बोलावं लागतं. तर या शहाण्याने तेरा वर्षांत घरात कधी थेंब सांडला नव्हता, तो आता दहा दिवसांत सहा वेळा घाण करून बसलाय. तीही नव्या टाइल्सवर. कधी लघवी, कधी दुसरं, कधी दोन्ही.

शिवानंद म्हणतो, म्हातारचळ लागलाय. मला विचारशील तर तो खार खाऊन करतोय. घरात तोडफोड केली, त्याचं दार बुजवलं, त्याचा राग काढतोय. श्रीदेवी परवा म्हणाली, "आत्याबाई, पाव्हण्यांसमोर असं झालं तर कुटं तोंड लपवायचं?" सुनेचंही काही चुकत नाही. शिवानंदच्या मनात त्याला मंद्रूपला गुरुसिद्धप्पा भाऊजींच्या मळ्यात सोडायचं आहे.

फोन केला असता, पण तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या घालतं आणि तू सगळ्याला 'बरं बरं' म्हणतेस. उत्तर बंद पाकिटात पाठव. कार्ड टाकलंस की ते आधी शिवानंद वाचतो, मग श्रीदेवी, मग मी.

तुझी,
भुवना

•

बार्शी, २७ जानेवारी

भुवनेश्वरीबाई,

सृष्टीचं वाचून नाचले. आमचे एकनाथराव म्हणाले, "गुडघे सांभाळ." मी म्हटलं, आनंद गुडघ्यांना विचारून होत नाही.

मग तुझं पुढचं वाचलं. खार खाऊन म्हणे. अगं, चाळीस वर्षं तू निबंध तपासलेस, कुत्र्याच्या मनातलं कधीपासून तपासायला लागलीस? एकनाथरावांनी जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसिंग केलं. ते डॉक्टर नाहीत, हे ते स्वतःच दर पाच मिनिटांनी सांगतात आणि मग डॉक्टरसारखं बोलतात. ते म्हणाले, "तेरा वर्षं न चुकलेलं कुत्रं अचानक चुकायला लागलं तर ते आगाऊ नसतं, आजारी असतं."

त्यांचे प्रश्न लिहिते. पाणी किती पितो, पूर्वीपेक्षा जास्त का? लघवी थोडी थोडी करतो की एकदम? करताना त्याला कळतं, की झोपेत होऊन जाते? घरातल्या घरात वाट चुकतो का, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो का? म्हाताऱ्या कुत्र्याला लघवीचा जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, साखर वाढते, किडनी थकते, कधी डोकंही विसरायला लागतं. यातलं काय ते डॉक्टरनेच सांगायचं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात धरून न्यायची.

आणखी दोन ताकिदी आहेत. त्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही, नाक घासायचं तर नाहीच. आणि तू गुडघ्यासाठी घेतेस ती गोळी अर्धी करून त्याला द्यायची नाही. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या जिवावर उठते. मी तुला ओळखते म्हणून लिहितेय.

इंद्रू

•

सोलापूर, ५ फेब्रुवारी

इंद्रू,

गोळी डब्यातून काढली होती. परत ठेवली. आता पुढचं ऐक.

सकाळी हुलग्याला घेऊन लिंबाखाली उभी राहिले, हातात वरणाचा डाव. दुसरं काही सुचलं नाही. तो थांबला की मी डाव पुढे करायची, मी डाव पुढे केला की तो हलायचा. समोरच्या दगडाबाई अंगणात सडा घालत होत्या, त्या म्हणाल्या, "बाई, कुत्र्याला वरण चारताय व्हय?" शेवटी मिळालं, दोन चमचे. डाव तिथेच कचऱ्यात टाकला. श्रीदेवी दिवसभर डाव शोधत होती. मी तिला मदत करत होते.

दवाखान्यात डॉक्टर कोण निघाली असेल? पद्मजा. सातवी ब, पहिला बाक, 'आशीर्वाद' नेहमी चुकीचा लिहायची ती. मला बघून खुर्चीतून उठली. "बाई, तुमी हितं?" म्हणाली आणि सगळ्यांना थांबवून आमचा नंबर लावला. लघवी तपासली, रक्त काढलं. हुलग्याने एवढंसं 'कुई' केलं, मीच जास्त केलं. साखर नाही. किडनी वयाच्या मानाने धडधाकट. लघवीत मात्र जंतू सापडले. आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. लघवी तुंबवून ठेवतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, छे, सांडूनच ठेवतो.

चार दिवस झाले गोळ्या सुरू करून. शेंगाचटणी लावलेल्या भाकरीत दडवून दिली तर चटणी चाटून गोळी बाहेर, पद्मजा चटणीवरून रागावली, आता साध्या भातात देते. आणि चार दिवसांत घरात एक थेंब नाही. मी शिवानंदला म्हटलं, बघ, हा आजार होता, चळ नव्हता. तो म्हणाला, "बरं झालं अव्वा." मंद्रूपचा विषय बंद. मी काल गव्हाची खीर केली. घरात सगळ्यांना वाटलं साखरपुड्याची रंगीत तालीम आहे.

अक्कलकोटचं बोलणं चालू आहे. दानम्माबाई परवा श्रीदेवीला फोनवर म्हणाल्या, "आमच्या लग्नात आमच्या अत्तीला, सासूला, पायघड्या घातल्या हुत्या. आता कोन घालतंय?" श्रीदेवीने ते मनाला लावून घेतलंय. मानपान कुठे कमी पडेल याच्या याद्या करते.

मी बरी आहे. नव्या फरशीवरून भिंतीच्या कडेने चालायची सवय लावून घेतलीय, मधला भाग स्वच्छ राहतो.

भुवना

•

बार्शी, १० फेब्रुवारी

भुवना,

खिरीचं वाचून पाणी सुटलं. डावाचं वाचून मी एवढी हसले की एकनाथराव पाणी घेऊन धावत आले. ते मात्र खुश नाहीत. म्हणतात, जंतूंनी लघवीचं कोडं सुटलं, पण दुसरं का होत होतं? त्याचा जंतूंशी काय संबंध?

मी त्यांना म्हटलं, शुभ बोला. पण तू एक काम कर. माझ्यासाठी तुमच्या घराचा नकाशा काढ, आणि जिथे जिथे हुलग्याने घाण केली तिथे फुली मार. उत्तर दिशा दाखव. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तुझी ती शुद्धलेखनाची वही माझ्या काही कामाची नाही.

आणि मधला भाग स्वच्छ राहतो म्हणून तू भिंतीच्या कडेने चालतेस, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

इंद्रू

•

सोलापूर, १५ फेब्रुवारी

इंद्रू,

तुझ्या ह्यांची जीभ काळी आहे.

गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. सोमवारी, गुरुवारी, काल सकाळी. लघवी परत तपासली, जंतू नाहीत. काल तर श्रीदेवीच्या माहेरची माणसं चहाला बसलेली, आणि हा स्वयंपाकघरातून निघाला, चार पावलं चालला, पांढऱ्या फरशीवर थांबला आणि सगळ्यांदेखत बसला. माझ्याकडे बघत होता.

इंद्रू, मी त्याला मारलं. हातात वर्तमानपत्र होतं, त्याची गुंडाळी करून पाठीत दिली. तो पळालाही नाही. पाय फाकवून तिथेच बसून राहिला आणि कान पाडले, पडलेला होता तोही आणखी पाडला. मी हात धुऊन आले, परत धुतले, तरी हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटत राहिलं. तू ताकीद दिली होतीस. मला माझी लाज वाटते, आणि ही लाज तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

शिवानंदने मंद्रूपला फोन लावला. भाऊजी २३ तारखेला, रविवारी पिकअप घेऊन येणार. मळा मोठा आहे, वाईट काहीच नाही, हे मलाही कळतं. पण तेरा वर्षांचं कुत्रं नव्या जागी अंगणात बांधलं की ते जेवत नाही. ह्यांचा आवाज ऐकलेले या घरात दिवसा ते आणि मी एवढेच असतो. मुलगा-सून तर दिवसभर दुकानात. आणि खरं सांगू? ज्याला आपली सोय सांभाळता येत नाही त्याची सोय मंद्रूपला, असा या घराचा नियम झाला, तर पुढचा नंबर कुणाचा ते मला मोजता येतं. वाईट माणसं नाहीत ती. म्हणूनच भीती वाटते.

नकाशा सोबत आहे. सृष्टीच्या जुन्या आलेखवहीचं पान घेतलंय. उत्तर दिशा दाखवली आहे. एकूण अकरा फुल्या, तारखांसकट.

भुवना

•

बार्शी, १८ फेब्रुवारी (स्पीड पोस्टाने)

भुवने,

आधी तुझं शेवटचं वाक्य खोडून टाकते. तुझा नंबर कुठलाही नाही. तू मंद्रूपला गेलीस तर दोन दिवसांत गडीमाणसांचं शुद्धलेखन तपासायला लागशील आणि भाऊजीच तुला परत आणून सोडतील.

आता नकाशा. मी तो टेबलावर पसरला, चष्मा पुसला, आणि मला हसू आलं, मग रडू आलं. अगं मास्तरीणबाई, अकरा फुल्या काढताना तुला दिसलं नाही? एकही फुली कोपऱ्यात नाही. एकही सोफ्याखाली नाही. तो जिथे झोपतो त्या स्वयंपाकघरात एकही नाही. अकराच्या अकरा फुल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढच्या दाराकडे एका रेषेत आहेत. पट्टी लावून बघ. पहिल्या फुल्या दाराजवळ आहेत, नंतरच्या मागे मागे येत उंबऱ्याशी आल्या आहेत. तारखा तूच लिहिल्या आहेस.

ही घाण करायची जागा नाही. ही दाराकडे जायची वाट आहे. तो बिचारा दर वेळेला बाहेर जायलाच निघतो आणि पोचत नाही.

एकनाथरावांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "पाय फाकवून बसला, पळाला न्हाय, हे वाचूनच कळायला पायजे हुतं." म्हाताऱ्या कुत्र्याचे खुबे झिजतात, कंबर धरते. शहाबादीवर त्याची नखं अडकायची, तुमच्या त्या आरशावर पाय चारी दिशांना जातात. मग तो जायचं टाळतो, धरून ठेवतो, आणि अगदीच निभेनासं झालं की निघतो. तोवर उशीर झालेला असतो. धरून ठेवण्यानेच ते जंतूही झाले असतील. पद्मजाला सांग, खुब्यांचा आणि कंबरेचा फोटो काढ.

तोवर त्या वाटेवर काहीतरी घाल, ज्यावर पाय ठरेल असं. तुझ्या ट्रंकेत तुझ्या ह्यांच्या कारखान्यातल्या चादरी आहेत ना, विणीत खोट राहिली म्हणून त्यांनी घरी आणलेल्या? वीस वर्षं डांबरगोळ्या घालून कुणासाठी ठेवल्यास?

शेवटचं. हुलग्या पडू नये म्हणून चालत नाही आणि तू पडू नये म्हणून भिंत धरून चालतेस. मधला भाग स्वच्छ राहतो, हे तू शिवानंदला सांग, मला नको. किती वेळा घसरलीस?

इंद्रू

•

सोलापूर, २४ फेब्रुवारी

इंद्रू,

एकदाच. जानेवारीतच, देवघराकडे जाताना. पडले नाही, सोफ्याने धरलं. कुणाला बोलू नकोस. शिवानंदने एवढ्या हौसेने फरशी घातली आहे.

तुझं पत्र वाचलं, पट्टी लावली, आणि हुलग्याजवळ जाऊन शहाबादीवर बसले. उठताना मला दहा मिनिटं लागली, पण बसले. त्याच्या कानाशी ह्यांच्या कानडीत म्हटलं, "तप्पायतप्पा," चुकलं बाबा माझं. त्याने माझा हात चाटला, तोच हात. कुत्र्याने एवढ्या लवकर माफ करू नये, आपल्याला आणखी रडू येतं.

पद्मजाने फोटो काढला. एकनाथरावांच्या तोंडात साखर घाल. दोन्ही खुबे झिजलेत, कंबरेचे मणके जवळ आलेत. ती म्हणाली, "बाई, ह्यो रोज दुखनं सोसतोय आणि तुमाला सांगता येत न्हाय." किडनीची तपासणी आधी झालेली, म्हणून कुत्र्याचीच दुखण्याची गोळी लगेच सुरू केली. वजन थोडं उतरवायचं, तळव्यांमधले केस कापायचे, ठरल्या वेळी बाहेर न्यायचं. आणि फरशी.

ट्रंक उघडली. सात चादरी निघाल्या. एकीत मोराला तीन पाय, एकीत मधेच रंग चुकलेला. खाली गोणपाट टाचलं म्हणजे सरकत नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत एका रेषेत अंथरल्या. पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर तांबड्या-हिरव्या चादरी. श्रीदेवीने बघितलं आणि खाली बसली.

हुलग्याने पहिल्या चादरीवर एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. वास घेतला. डांबरगोळ्यांच्या खाली कारखान्याचा वास राहिला असेल का गं? मग गडी तरातरा, म्हणजे त्याच्या मानाने तरातरा, सातही चादरी पार करून दारात गेला आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होरग नडी." तो गेला. लिंबाखाली इतका वेळ उभा होता की दगडाबाईही बघायला थांबल्या.

तेव्हापासून घर कोरडं आहे. भाऊजी काल पिकअप घेऊन आले, चादरीवरून चालणारा हुलग्या बघितला, म्हणाले, "ह्याला कशाला न्यायचं? ह्यो ठीक हाय की." आणि चहा पिऊन रिकामे परत गेले.

पण खरी परीक्षा रविवारी. श्रीदेवीने बजावलंय, साखरपुड्याच्या दिवशी चादरी उचलायच्या. नवी फरशी झाकून ठेवायची तर घातली कशाला, असं शिवानंदचं म्हणणं. दहाला पाहुणे, नऊला चादरी उचलायच्या, हुलग्याला स्वयंपाकघरात कोंडायचं. आणि त्यात पाहुण्यांसमोर काही झालं तर भाऊजी साखरपुड्याला येणारच आहेत, संध्याकाळी त्यांच्याबरोबर हुलग्या मंद्रूपला. शिवानंदने तसं कबूल करून घेतलंय माझ्याकडून. मी 'हो' म्हटलं.

तू येशील का?

भुवना

•

बार्शी, २६ फेब्रुवारी (पोस्टकार्ड)

सौ. श्रीदेवी, चि. शिवानंद व भुवना यांस,

साखरपुड्याला येता येत नाही. एकनाथरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शनिवारी आहे. सृष्टीला पोटभर आशीर्वाद. (पद्मजाला सांगा, मी 'आशीर्वाद' बरोबर लिहिलाय.) भुवना नव्या फरशीवर घसरली होती, सोफ्याने वाचवली, तेव्हापासून ती भिंत धरून चालते आणि फरशी स्वच्छ राहते असं सांगते. बाकी सर्व क्षेम.

इंद्रायणी

•

सोलापूर, ३ मार्च

इंद्रू,

तुझं कार्ड कधी आलं, मला माहीत नाही. माझ्या हातात ते आजच पडलं. आधी कालचं सांगते.

अक्कलकोटची माणसं नऊला पंधरा मिनिटं असतानाच दारात. वेळेच्या आधी येणारे पाहुणे मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. श्रीदेवी एका हाताने केसांत पिन खोचतेय, दुसऱ्या हाताने पहिल्या चादरीचं टोक धरलेलं, आणि उंबऱ्यात दानम्माबाई उभ्या. इरकल नेसलेल्या, अंगाने भरलेल्या, मागे वीस माणसं. त्यांनी खाली बघितलं. दारापासून आतपर्यंत सात चादरी सरळ रेषेत.

त्यांनी चपला काढल्या. पदर सावरला. आणि त्यांचे डोळे भरून आले गं. म्हणाल्या, "पायघड्या? अगं बाई, मी आपलं बोलून गेले हुते. तुमी खरंच घातल्या?"

श्रीदेवीने चादरीचं टोक सोडलं. माझी सून मुळात हुशार आहे, तिने लगेच विहिणीच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "या की." शिवानंद माझ्याकडे बघतोय, मी देवाकडे.

दानम्माबाई निघाल्या. मोराच्या तिसऱ्या पायावर पाऊल पडलं, चौथी चादर आली. आणि स्वयंपाकघराची कडी कुणीतरी काढली असावी, कारण उंबऱ्यावर हुलग्या उभा. त्याची बाहेर जायची वेळ पावणेनऊचीच आहे, पद्मजाने लावून दिलेली. त्याने पाहुणे बघितले, चादरी बघितल्या, आणि चालायला लागला. तिकडून विहीणबाई, इकडून हुलग्या, वाट एका चादरीएवढी रुंद. मधोमध दोघं समोरासमोर थांबले.

इंद्रू, त्या खोलीत एवढी माणसं होती आणि आम्हा घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं की त्या क्षणाला काय पणाला लागलंय.  शिवानंद पुढे येऊन हुलग्याला उचलणार, तर मला राहवलं नाही. मी भिंत सोडून म्हटलं, "हुलग्या, होरग नडी."

दानम्माबाईंनी मान वर केली. "कन्नड बरतैती इदक्क?" ह्याला कानडी येतं? मग त्यांनी त्याचे पाय बघितले, मागचे, थरथरणारे. आणि त्या पायघड्यांवरून खाली उतरल्या. नव्या साडीनिशी, वीस माणसांसमोर, मानाची वाट सोडून बाजूला टाइल्सवर उभ्या राहिल्या, शिवानंदचा खांदा धरून, आणि हुलग्याला म्हणाल्या, "होगप्पा, होगू." जा बाबा, जा.

तो गेला. दारात जमलेल्या माणसांनी दोन्हीकडे सरून वाट दिली. सगळी वरात उभी राहून म्हातारा लिंबाखाली जाऊन परत येईपर्यंत थांबली. परत आला, चादरीवरून सरळ आत निघाला, आणि दानम्माबाई त्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीने.

जेवणं झाल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी त्यांच्याजवळ बसले आणि खरं सांगितलं, की या चादरी तुमच्यासाठी नव्हत्या, या कुत्र्याच्या. श्रीदेवीचा चेहरा पांढरा पडला.  दानम्माबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "मंग तर मान मोटा झाला की. ज्या घरात म्हाताऱ्या कुत्र्याला पायघड्या हायत तितं माझी सून वाढली. मला आनि काय बगायचं हाय?" मग हळूच गुडघा चोळत म्हणाल्या, "आमच्या घरी बी असलीच फरशी हाय. मी बी भिंतच धरती." त्यांच्याकडे कारखान्याच्या चादरी नाहीत, म्हणून तीन पायांच्या मोराची त्यांना दिली. सहा राहिल्या.

भाऊजी संध्याकाळी निघाले. पिकअपमध्ये हुलग्याच्या जागी उरलेली खीर गेली. शिवानंद त्यांना पोचवून आला.

आज सकाळी उठले. खोलीबाहेर पाऊल टाकलं तर पायाखाली चादर. मला वाटलं हुलग्याची सरकली. खाली बघितलं. माझ्या दारापासून देवघरापर्यंत नव्या कोऱ्या चादरी अंथरलेल्या, खाली गोणपाट टाचलेलं, टाके वेडेवाकडे, म्हणजे शिवानंदचे. सहा हुलग्याच्या आहेत तशाच, त्यांना मधून फुटलेला हा फाटा. देवघरात माझ्या पोथीखाली तुझं पोस्टकार्ड ठेवलेलं होतं, चहाचा डाग पडलेलं, बऱ्याच वेळा वाचलेलं.

तुला कार्ड टाकू नकोस म्हणून बजावलं होतं. तू मुद्दाम टाकलंस. असंच टाकत जा.

मी भिंत सोडून मधून चालत देवघरात गेले. हुलग्या पुढे, मी मागे.

भुवना